नव्या कॅसेटची वाट

एप्रिल लागला की आम्हां भावंडांचे लक्ष नव्या कपड्यांपेक्षा नव्या कॅसेटकडे असायचे. १४ एप्रिलपूर्वी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची कोणती नवी भीमगीते येणार, याची चर्चा नळावरच सुरू व्हायची. दुकानदार म्हणे, "उद्या या." आम्ही उद्याही जायचो. टेप चाळीत एकच. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची.

आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. १९२७ चे महाड आणि १९५६ चे नागपूर तिला या गाण्यांनीच कळले. म्हणून वडील कुरकुरले तरी ती मजुरीतून कॅसेटचे पैसे बाजूला काढी.

प्रल्हाददादा २००४ साली गेले. शाहीर उमप २०१० साली दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले. त्या दिवशी आईने चूल पेटविली नाही.

आता नवे गाणे मोबाईलवर येते, मुले अर्धे ऐकून पुढे सरकवतात. (आम्हीही कधी कधी.) पण २०१८ साली चेन्नईत पहिला कार्यक्रम केलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चे काही नवे येणार का, याची आमची मुलगी वाट पाहते. तामीळ कुणालाच कळत नाही. परवा तिने लावले, तेव्हा आईने एवढेच विचारले, "यात बाबासाहेब हायेत ना?"