भाषा तीच, देश निराळा

नातवंडे परदेशी शिकतात यात आता नवल राहिलेले नाही. परंतु परदेशातच जन्मलेले नातवंड जेव्हा आणखी एका देशात शिकावयास जाते, तेव्हा घरची वडीलधारी मंडळी फारशी काळजी करीत नाहीत. माझी भाची न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. आपल्या अमेरिकी महाविद्यालयातून ती एका वर्षासाठी स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठात गेली, तेव्हा आमच्या घरीही सर्वांचे म्हणणे एकच होते : इंग्रजीच बोलणारा देश, तिला कसली अडचण येणार? जपानला जाणारा विद्यार्थी परकेपणाची तयारी करूनच विमानात बसतो. अमेरिकेतून ब्रिटनला जाणारा मात्र गाफील असतो.

पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारले, "मामा, मी आजारी दिसते का?" तेथील मुले भेटताच 'यू ऑल राइट?' म्हणत. अमेरिकेत हा प्रश्न काही बिनसल्यासारखे दिसले तरच विचारतात. ब्रिटनमध्ये तो निव्वळ नमस्कार आहे आणि त्याला सविस्तर उत्तर अपेक्षित नसते. ही मात्र थांबून उत्तर देऊ लागे, तोवर विचारणारा पुढे गेलेला असे.

मग पहिल्या निबंधाचे गुण आले : ६४. अमेरिकेत नव्वदीच्या घरात राहणाऱ्या मुलीला ते नापास झाल्यासारखे वाटले. ब्रिटनमध्ये ७० आणि त्यावर म्हणजे सर्वोच्च श्रेणी, आणि साठीतले गुण उत्तम समजले जातात. आपल्या पिढीला हे चटकन उमगावे. साठ टक्क्यांना पेढे वाटलेले आपल्याला आठवतात. परंतु खरा ताण गुणांचा नव्हता. अमेरिकेत दर आठवड्याला लहान चाचण्या, गृहपाठ, त्यांचे गुण. आपण कुठे आहोत हे सतत कळत राहते. इथे तास थोडे, वाचन आपले आपण, आणि वर्षाचा बराचसा निकाल दोनचार निबंधांवर व अखेरच्या परीक्षेवर. रिकामा वेळ पुष्कळ, आणि तो कसा भरावा हे सांगणारे कोणी नाही.

अमेरिकी विद्यार्थ्यांची ही वाट जुनी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन रश १७६८ साली याच विद्यापीठातून एम.डी. झाले होते. आम्हा डॉक्टरांना एवढे विषयांतर माफ असावे.

औषधांच्या बाबतीत मात्र मला जागरूक राहावे लागले, आणि हा भाग आपण जरा सावकाश वाचावा. ऑक्टोबरात तिला ताप आला. अमेरिकेहून आणलेल्या मोठ्या बाटलीतल्या अॅसिटामिनोफेनच्या गोळ्या ती घेत होती. सोबत राहणाऱ्या मुलींनी सर्दीसाठी गरम पाण्यात घालावयाची पूड दिली. तिच्यात पॅरासिटामॉल होते. ही दोन नावे एकाच औषधाची! दोन दिवस ती दोन्ही घेत होती. मी तिला प्रत्येक मात्रा कागदावर लिहावयास लावली. सुदृढ प्रौढाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. ती त्या काठावर होती, ओलांडून गेलेली नव्हती. गेली असती तर काही त्रास होत नसला तरीही मी तिला तत्काळ रुग्णालयात धाडले असते, कारण यकृताची इजा पहिल्या दिवशी जाणवत नाही. तेथील साध्या दुकानात या गोळ्यांच्या एका पाकिटात १६ च गोळ्या असतात, याचा तिला आधी राग आला होता. अतिसेवनाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी ब्रिटनने १९९८ पासून हे बंधन घातले आहे, हे कळल्यावर तो निवळला. दम्याच्या फवाऱ्याचेही तसेच. अमेरिकेतले अल्ब्युटेरॉल म्हणजे ब्रिटनमधले, आणि आपल्याकडचेही, साल्ब्युटामॉल. मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आजी-आजोबांनीही हे टिपून ठेवावे.

त्याच तापात ती प्रथमच तेथील डॉक्टरांकडे गेली. व्हिसासोबत तिने वर्षाचे ७७६ पौंड आरोग्य अधिभार म्हणून भरलेले होते. तरीही अमेरिकी सवयीने ती जावे की न जावे याचा खर्चाच्या भीतीने दोन दिवस विचार करीत राहिली. तपासणी झाल्यावर तिने बिल मागितले, तर खिडकीतल्या बाईंना प्रश्नच कळेना. स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधेही विनामूल्य मिळतात.

नोव्हेंबर आला आणि अंधार झाला. एडिनबरा ५६ अंश उत्तरेस आहे. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. ती दुपारपर्यंत झोपू लागली, तासांना जाईना, जेवण म्हणजे बिस्किटे. माझी बहीण म्हणे, "अगं, भाषा तर तीच आहे, मैत्रिणी कर." मी तिला दोन गोष्टी सांगितल्या : उजेड असेतो रोज बाहेर चालावयाचे, आणि हिवाळाभर 'ड' जीवनसत्त्व १० मायक्रोग्रॅम घ्यावयाचे, हा सल्ला तेथील आरोग्यसेवाही देते, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना तर बारमाही. परंतु दोन आठवडे झोप, भूक आणि अभ्यास तिन्ही बिघडलेले असताना केवळ जीवनसत्त्वावर विसंबणे मला पटेना. विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जाण्यासाठी मी तिच्यामागे लकडा लावला. ती गेली, आणि सहा वेळा गेली.

माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईचा वाटा निराळाच होता. एडिनबऱ्यात चार वाजता अंधार दाटे तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे अकरा, आईवडील कामात. आपल्याकडे मात्र रात्रीचे साडेनऊ. आई जेवणे आटोपून बसलेली. तेव्हा फोन आईला येऊ लागला. नातीचे मराठी मोडके, आजीला इंग्रजी नाही. आई रोज तेच विचारी : काय जेवलीस, कशात केलंस, मीठ बेताचं पडलं का. आणि उत्तर पूर्ण होईतो थांबे. बिस्किटांवर राहिले हे रोज कबूल करण्यापेक्षा डाळ शिजवणे सोपे, असे त्या मुलीला वाटू लागले असावे. जानेवारीत ती आमटी करू लागली; सोबतच्या मुलीही जेवावयास बसू लागल्या.

मार्चमध्ये दिवस मोठे झाले तसा फोन आठवड्यातून दोनदाच येऊ लागला. आईला वाईट वाटत असेल म्हणून मी विचारले, तर म्हणाली, "बरंय की. बाहेर पडली असेल."