माझे बाबा : केंद्रावरचे ‘सर’



‘माझे बाबा’ हा निबंध आपण मुलांना दरवर्षी देतो. आणि दरवर्षी तेच वाचतो. बाबा लवकर उठतात, कामावर जातात, माझे लाड करतात. म्हणून या वर्षी वर्गात वाचून दाखवायला मीच माझ्या बाबांवर निबंध लिहिला. तोच इथे देतेय. तुमच्या वर्गातही वाचून बघा.

माझे बाबा मुंबईत गिरणगावातल्या एका कामगार कल्याण केंद्राचे संचालक होते. ही केंद्रं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची. 1953 च्या कायद्याने हे मंडळ उभं राहिलं आणि कामगार, मालक व सरकार या तिघांच्या वर्गणीतून ते चालतं. केंद्रात वाचनालय, कॅरम, शिवणवर्ग, शिशुमंदिर असायचं. कबड्डीच्या, भजनाच्या, नाटकांच्या स्पर्धा व्हायच्या. ‘संचालक’ हे नाव भारदस्त वाटतं, पण सतरंज्या घालण्यापासून शिलाई मशीनला तेल देण्यापर्यंत सगळं बाबा करायचे. सगळा परिसर त्यांना ‘सर’ म्हणायचा.

केंद्राची गरज का होती, ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. दहा बाय बाराची खोली आणि गिरणीच्या तीन पाळ्या. रात्रपाळीहून आलेलं कुणीतरी दिवसा झोपलेलं असायचंच. मग मुलांनी आवाज करायचा कुठे? “आवाज करायचाय ना? चला माझ्याकडे,” असं बाबा म्हणायचे.

केंद्राचं काम दुपारपासून रात्रीपर्यंत असे. त्यामुळे संध्याकाळी बाबा घरी नसायचे. पण सकाळ आमची होती. आई बालवाडीवर लवकर जायची. आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या बाबा घालायचे, डबे भरायचे आणि पोळी लाटता लाटता पाढे म्हणून घ्यायचे. त्या काळी चाळीत याची थट्टा व्हायची. बाबा हसून म्हणायचे, “वेणी घालायला पण तीनच पदर लागतात. त्यात काय पुरुषाला न जमण्यासारखं आहे?” धाकटीने कबड्डी खेळायचं ठरवल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाबांनी तिला मुलींच्या संघात घेतलं. पण राखीव खेळाडू म्हणून! सरांची मुलगी म्हणून सवलत नाही. तिने जागा खेळून मिळवली.

मग 18 जानेवारी 1982 आला. गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले महिने उमेदीत गेले. नंतर भांडी विकली गेली, अनेक कुटुंबं कोकणात, घाटावर गावी परतली. केंद्रावरची मुलंही कमी होऊ लागली. एक उत्तम चढाईपटू मुलगा यायचाच बंद झाला. बाबा त्याच्या खोलीवर गेले. मुलगा चहाच्या टपरीवर कामाला लागला होता. साचेखात्यात वीस वर्षं काम केलेले त्याचे वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बाबांनी उपदेश केला नाही. ते म्हणाले, “मला मैदानावर फक्की मारायला माणूस पाहिजे. उद्या चार वाजता याल का?” पैसे देता येणार नाहीत, हेही सांगितलं. चौथ्या दिवशी ते गृहस्थ आले. काही दिवसांनी बाबांनी त्यांच्या हातात शिट्टी दिली. त्यांच्यामागून आणखी चार-पाच बाप आले. कुणी गुण लिहायचं, कुणी वाचनालयात लहान मुलांना पेपर वाचून दाखवायचं. तो मुलगा टपरीचं काम सोडू शकला नाही, पण काम आटोपून संध्याकाळी सरावाला येऊ लागला. वडील शिट्टी घेऊन उभे असताना त्याला यायचंच होतं.

हे बाबांना कुठून सुचलं, ते मला पुढे खूप वर्षांनी त्यांनीच सांगितलं. कबड्डीत बाद झालेला खेळाडू घरी जात नाही. तो रेषेबाहेर रांगेत बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बाद झालेल्यांतला पहिला परत आत येतो. “त्याला रांगेत बसवून ठेवणं हे माझं काम,” बाबा म्हणाले. “एकदा उठून गेला की मग कितीही गुण मिळवा, उपयोग काय?”

संप कधी रीतसर मिटलाच नाही. अनेकांची नोकरी परत मिळाली नाही. बाबांच्या शिट्टीने कुणाचं पोट भरलं नाही, हे मी मुलांनाही स्पष्ट सांगितलं. पण त्या घरांतल्या पोरांनी आपल्या बापाला रोज दोन तास ताठ उभं राहिलेलं पाहिलं. अभ्यासात, खेळात, घरात ती पोरं टिकून राहिली, त्यात या दोन तासांचा वाटा होता, असं मला वाटतं.

शिक्षकांनो, खेळाचा तास गणिताला देण्याआधी एकदा विचार करा. त्या तासाला वर्गातला कोण रांगेतून उठून चाललाय, ते दिसतं. आणि पालकहो, फी भरायला शाळेत येताच. एखाद्या शनिवारी फक्की मारायलाही या. तुमच्या मुलाला तुमच्यावर निबंध लिहायचा आहे.