पटावरची चढण

कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्याच्या आदीश्वर मंदिरात भाविकांची रीघ लागते. हे मंदिर मोतीशा शेठांचे. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा सुरू होते. पालिताण्यास जाणे ज्यांना शक्य नसते, ते शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात.

हा पट, हाताने रंगवलेला असो वा छापील, विलायती निसर्गचित्राच्या नियमाने पाहू नये. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९१-९२ मध्ये टिपलेली मुंबईची दृश्ये पुढे छापली गेली. तेथे पाहणारा एका जागी उभा असतो. पटात डोंगर समोरून दिसतो, कोट वरून, आणि मंदिरे पुन्हा समोरून. या साऱ्यांना बांधते ती एकच रेषा, तळेटीपासून वळणे घेत चढणारी वाट. नजर तिच्यावरून सरकू लागली की ३५०० हून अधिक पायऱ्यांची चढण सुरू होते. छायाचित्रावरून छापलेल्या चकचकीत पटात हीच वाट झाडीत हरवते. मग दर्शन घडते, यात्रा घडत नाही.

दोन शिखरांच्या मध्ये मोतीशांची टूंक दिसते. कुंतासराची खोल दरी भरून शेठांनी ती उभारली. प्रतिष्ठा मात्र त्यांच्या निधनानंतर झाली. ज्या पटात तेथे पोकळी दिसेल, तो त्याआधीचा समजावा.