सड्यावरची पहिली गाडी

मालवणचा खारा वारा लोखंडाला टिकू देत नाही, हे होडीच्या इंजिनाने मला लहानपणीच शिकवलं होतं. तरी माझी पहिली रिमोटची गाडी मी चिवला किनाऱ्याच्या वाळूत उतरवली. आठवड्याभरात बेअरिंगं तांबारली, गिअर करकरू लागले. खरी चूक मात्र घेतानाच झाली होती. मी फक्त वेगाचा आकडा पाहिला होता. गाड्या पळवणाऱ्या आमच्या पाच-सहा जणांत तशी गाडी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. पुढच्या चाकाचा आर्म मोडला आणि त्या एवढ्याशा प्लास्टिकपायी गाडी दीड महिना माळ्यावर पडून राहिली.

आता कुणी पोरगा विचारतो, “दादा, खंयची घेव?” तेव्हा मी आधी विचारतो, “कोणाबरोबर पळवतलंस?” रापणीचं जाळं एकट्याने ओढता येत नाही, शर्यतीचंही तसंच. सोबत्यांकडे आहे त्याच जातीची गाडी घ्यावी. मोडलेला भाग शेजारच्या डब्यातून मिळतो आणि फेरी चुकत नाही.

मग जागा पाहावी. सड्यावरच्या जांभ्याच्या खडीला १:१० मापाची बग्गी हवी, पोट उंच आणि शॉक लांब. टूरिंग कारचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच-सहा मिलिमीटर; तिला गुळगुळीत सिमेंटच लागतं. मोटर साधी, ब्रशची ५४० पुरे. वळण हाताला बसेपर्यंत जास्त वेग नुसते आर्म मोडतो. ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी शर्यतीनंतर भरून ठेवू नये. दर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवली तर ती टिकते.

जमलं तर सुट्या भागांची पेटी घ्यावी आणि गाडी स्वतः जोडावी. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटची गाडी आणली, तीही अशीच घरी जोडायची होती. जोडताना पिनियन, म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, आणि मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून मोटर आवळावी, मग पट्टी काढून घ्यावी. उरते तेवढीच फट बरोबर. हे ज्याच्या बोटांना कळलं, त्याची गाडी कधी बंद पडून राहत नाही.

शर्यतीत एका फेरीचे चालक पुढच्या फेरीत वळणावर उभे राहतात आणि उलटलेल्या गाड्या सरळ करतात. पैसे खर्चण्याआधी एक रविवार तिथे उभे राहा. कुठली गाडी कुठे मोडते आणि कुणाच्या डब्यात तिचा भाग असतो, ते डोळ्यांनी पाहा. गाडी त्यानंतर घ्या.