पत्र दुसऱ्याचं, पत्ता आपला

इंटरनेटवर फुकटची हमाली करणारे काही हजार लोक जगात आहेत, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हे लोक टॉर नावाच्या निनावी जाळ्यासाठी आपलं यंत्र आणि आपली बँडविड्थ देतात. अशा यंत्राला रिले म्हणतात. या कल्पनेचा जन्म १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत झाला, २००२ साली जाळं सुरू झालं आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था त्याचा कारभार बघते.

गंमत अशी, की तुमची मागणी तीन रिलेंमधून उड्या मारत जाते. पहिल्याला कळतं कोण निघालंय, पण कुठे ते नाही. शेवटच्याला कळतं कुठे जायचंय, पण कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. पत्रकार, नवऱ्याच्या पाळतीतून सुटू बघणारी बाई, सरकारवर टीका करणारा विद्यार्थी, सगळ्यांना याचा आधार. आणि हो, चोरांनासुद्धा!

सगळी गोम शेवटच्या रिलेत आहे. समोरच्या साइटला पत्ता दिसतो तो त्याचा. म्हणजे पत्र दुसऱ्याचं, पण पाठीमागे पत्ता आपला. मग पोलीस येतात तेही आपल्याच दारात. ऑस्ट्रियात असाच रिले चालवणाऱ्या एका तरुणाला २०१४ साली कोर्टानं दोषी ठरवलं. मॉस्कोत गणिताच्या एका शिक्षकाला २०१७ च्या एप्रिलमध्ये अटक झाली आणि आरोप मागे घ्यायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला.

तुम्ही म्हणाल, लांबच्या गोष्टी आहेत. बरं, मग आपल्या पुण्याची ऐका. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणाऱ्या मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला धरलं. इंटरनेट कंपनीनं आयपी पत्त्यावरून भलत्याच माणसाचं नाव दिलं होतं. बिचारा ५० दिवस तुरुंगात होता. इथे टॉरचा काडीचाही संबंध नव्हता, पण मुद्दा तोच. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे अभियंत्याला पहिल्या दिवशी कळतं आणि व्यवस्थेला पन्नासाव्या.

हे सगळं आठवायचं कारण माझा पुण्यातला भाचा. संगणक शिकतोय, घरी रिले लावायच्या बेतात आहे. वर मलाच विचारतो, "मामा, तुमच्याकडे एवढं वेगवान इंटरनेट, तुम्ही का नाही लावत?"

त्याला म्हटलं, बाबा रे, मी राहतो रास अल खैमात. दुबईपेक्षा निवांत, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, सगळं छान. इथली न्यायालयंही अमिरातीची स्वतःची आहेत. पण सायबर गुन्ह्यांचा कायदा अख्ख्या संघराज्याचा, २०२१ चा ३४ क्रमांकाचा. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्त्याची चलाखी केली, तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. व्हीपीएन वापरणं हा काही आपोआप गुन्हा नाही, कंपन्या आणि बँका सर्रास वापरतात. पण माझ्या रिलेतून अनोळखी माणसानं काय पाठवलं हे मला कधीच कळणार नाही, आणि चौकशीत पहिलं उत्तर मीच देणार. वर माझा इथला मुक्काम व्हिसावर, व्हिसा नोकरीवर. कायद्याच्या कलमाचा नेमका अर्थ काय, हे स्वतःवर प्रयोग करून शोधायची ही जागा नव्हे.

मग भारतात सगळं मोकळं आहे का? तसंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम मध्यस्थाला संरक्षण देतं खरं, पण ते कोर्टात. दारात उभ्या राहिलेल्या हवालदारापुढे नाही! शिवाय घरच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, त्यामुळे रिले चालतच नाही. चाललाच, तर रिलेंची यादी जाहीर असते, आणि ती बघून काही साइट सरसकट दार लावतात. रिले भाच्याचा, आणि पेन्शन बघायला बँकेची साइट उघडत नाही ती आजीची.

म्हणून त्याला सांगितलं ते असं. शेवटचा रिले घरून कधीच नको. तो चालवायचाच तर संस्थेच्या नावानं, भाड्याच्या सर्व्हरवर, सर्व्हरवाल्याला आधी सांगून, आणि त्या पत्त्यावर 'हा टॉरचा रिले आहे' अशी पाटी लावून. एकट्यानं सुरुवात करायची तर मधला रिले बरा, महिन्याला निदान १०० जीबी जायची तयारी ठेवून. आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्नोफ्लेक. ब्राउझरमध्ये चालतं, अडवलेल्या माणसाला जाळ्याच्या दारापर्यंत पोचवतं, आणि समोरच्या साइटला आपला पत्ता दिसत नाही.

२०१५ साली अमेरिकेत लेबनन नावाच्या छोट्या गावात सार्वजनिक वाचनालयानं रिले लावला. सरकारी खात्याकडून इशारा आला, वाचनालयानं तो बंद केला. मग गावकरी बैठकीला जमले, विश्वस्तांनी चर्चा केली आणि रिले पुन्हा सुरू झाला. एकट्या माणसाकडे हिंमत असते, पण त्याच्या पाठीशी बैठक नसते. आपल्याकडे गावोगावी शंभर-शंभर वर्षांची वाचनालयं आहेत. भाच्याला म्हटलं, घरातल्या आजीला विचारण्याआधी तिथल्या कार्यवाहांना विचारून बघ. नाही म्हणाले, तर निदान हे जाळं काय असतं यावर एक व्याख्यान तरी दे.