आईचे गुडघे आणि बिझनेस क्लास

आई दादाकडे न्यू जर्सीत, ताईचं बाळंतपण स्टॉकहोमला आणि तिकिटाचं टेन्शन मला, इथे मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत! आईचे गुडघे जाम दुखतात, म्हणून ठरवलं, बिझनेस क्लासच. भाडं बघून मात्र घाम फुटला. स्टार अलायन्सचे साठवलेले माइल्स आठवले. पण थेट नेणारी एसएएस १ सप्टेंबर २०२४ पासून स्कायटीममध्ये गेलेली. झालं, माइल्स तसेच पडून!

मग आइसलँडएअर सापडली. भाडं बरंच कमी. फंडा सिंपल आहे : सीट सपाट होत नाही, नुसती रुंद आणि मागे रेलणारी. पण मध्ये केफ्लाविकला उतरून पाय मोकळे करता येतात. आइसलँडही शेंगेनमध्येच, त्यामुळे स्वीडनचा व्हिसा पुरतो. तो आम्ही भारतातूनच काढून ठेवला होता.

आई फोनवर भडकली, ‘‘पौडहून पुण्याला एसटीत उभ्याने जायचे मी. नुसतं बसायला एवढे पैसे?’’

‘‘म्हणूनच गं,’’ एवढंच बोलून मी कार्डाचा नंबर टाकला.

दोन आठवड्यांनी स्टॉकहोमहून तिचा फोन. बाळाचं कौतुक झालं, गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही. शेवटी हळूच म्हणाली, ‘‘पुण्याला येतानाचं तिकीटही तसलंच बघशील का रे?’’