तीन देशांतली तीन घरे

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त दांपत्य वर्षभराच्या प्रवासाहून नुकतेच वसईला परतले. थोरला मुलगा दुबईत, मुलगी मेलबर्नला, धाकटा टोरोंटोला. निघण्यापूर्वी ती उभयता आशीर्वादासाठी आली, तेव्हा ‘आता कायमचेच तिकडे राहा,’ असे आम्ही सहज बोलून गेलो होतो.

दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांनी नाना भाषिकांची गर्दी पाहिली. मेलबर्नला भर उन्हाळ्यात नाताळ साजरा केला. टोरोंटोत खिडकीतून बर्फ पाहिला.

परवा त्यांच्या ओट्यावर बसलो असता आजोबा म्हणाले, “फादर, मुलांनी काही कमी केले नाही. पण सकाळी सारे कामावर गेले, की घरात आम्ही दोघे आणि घड्याळ. नातवाला गोष्ट सांगावी, तर आमची कादोडी त्याला कळेना.”

आजीबाई हसल्या. “क्रुसाची खूण मात्र मराठीतून शिकवून आले. रविवारी फोनवर करून दाखवतो.”

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांसाठी जुलैचा चौथा रविवार नेमून दिला. त्या दिवशी आम्ही प्रवचन करतो. परंतु त्या ओट्यावर आम्हांला आमच्याच शब्दांची लाज वाटली. रुजलेले झाड उपटून नेण्याचा सल्ला आम्ही किती सहज दिला होता!